त्या ड्रायव्हरचं पुढं काय झालं

शाळेच्या व्हरांड्याच्या एका टोकाला रांजण होता. तो भरणं, वर्ग झाडणं, घंटा देणं आणि शिक्षकांना चहा करणं ही माझी कामं. नवरा पिंपरीच्या एका कारखान्यात रोजावर होता. कायम होण्याआधीच छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. दिरानं शाळेच्या चेअरमनना सांगून मला इथं लावून दिलं आणि त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. शाळेच्या मागं पत्र्याची एक खोली होती, ती कामाबरोबर मिळाली. काम गेलं की खोली जाणार, आणि खोली गेली की मला जायला जागा नाही, एवढा हिशेब मला पहिल्या दिवशीच कळला होता.

बोलायची मला लहानपणापासून धास्ती. चौथीपर्यंत शिकले. गुरुजींनी उभं केलं की उत्तर येत असूनही तोंड उघडायचं नाही. पुढं शाळा सुटली आणि मग कुणी उभंच केलं नाही. इथं व्हरांड्यात बसून मात्र मी चौथीच्या पुढचं पुष्कळ ऐकलं. अपूर्णांक ऐकले, नद्या ऐकल्या, लढाया ऐकल्या. खिडकीखाली पाठ टेकून तांदूळ निवडल्यासारखी बसायची आणि ऐकायची.

माझ्या आधीच्या म्हातारीनं जाताना सगळं काम अर्ध्या दिवसात समजावलं. शेवटी मला रांजणाशी घेऊन आली. साखळीनं बांधलेला पितळी पेला दाखवून म्हणाली, "ह्यो गावातल्या पोरांचा. त्यांचं त्ये घेत्यात." मग खुंटीवरचं लांब दांड्याचं ओगराळं काढलं. "आन् लायनीपल्याडच्यांस्नी ह्यानं. वरनं सोडायचं वंजळीत. लागू द्यायचं न्हाई."

रेल्वे लाइनीच्या पलीकडं ज्यांची वस्ती होती त्यांच्या वाडवडिलांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत, हे मला सांगायला नको होतं. आमच्या मावळातल्या गावीही तसंच होतं. मी एवढंच विचारलं, "कोण कुठलं ते कसं वळखायचं?"

"कळतं. आठ दिसांत कळतं."

मला सहाच दिवस लागले.

हे कुठं लिहिलेलं नव्हतं. कुणी हुकूम दिला नव्हता. नवीन शिक्षक येत, बघत, काही बोलत नसत. मुलंही बोलत नसत. आपापल्या रीतीनं कुणी पेल्याकडं जाई, कुणी माझ्यासमोर ओंजळ धरून वाकून उभं राही. आणि आता लिहायला बसलेच आहे तर खरं लिहिते. मला ती ओंजळवाली मुलं आवडायची. पेल्यानं पिणारं मूल रांजणापाशी येतं, ओंजळीनं पिणारं माझ्यापाशी येतं. तोंड ओंजळीला आणि डोळे वर, माझ्याकडं. पुरे झालं की मान हलवायची, अजून हवं असलं तर भुवया. दिवसभरात माझ्याकडं नीट बघणारी माणसं तेवढीच. "बास, मावशी," म्हणून ती पळायची आणि मला वाटायचं, चार माणसं आपली आहेत.

सातवीला एक सर होते. मुसलमान होते, वडिलांचं पिंपरीत मोटारी दुरुस्तीचं गॅरेज. सायकलवर यायचे. हँडलला पिशवी आणि पिशवीत फिरकीचा तांब्या. पाणी ते घरून आणायचे. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चहा मात्र मी द्यायची, आणि त्यांचा कप निराळा होता, कान तुटलेला. चहा पिऊन ते तो स्वतः विसळून खिडकीत पालथा घालायचे. हेसुद्धा म्हातारीनं दाखवलेलंच.

दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या वर्षी मराठवाड्याकडून पुष्कळ कुटुंबं आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीत एक नवी मुलगी आली. तेलानं चोपलेल्या दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, पायात बूट. वडील कंपनीत लागलेले. बरोबर पहिलीतली धाकटी बहीण. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती रांजणाशी आली आणि म्हणाली, "मावशी, पाणी देता का? लई तहान लागलीय." बूट बघून मी फसले. पेला बुडवला आणि तिच्या हातात दिला. ती प्यायला लागली तोच मागून गावातल्या एका मुलीनं सांगितलं, "मावशी, ती लायनीपलीकडं राहती."

मी पेला तिच्या हातातून काढून घेतला. ओढला नाही, काढून घेतला. अर्धं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. मग मी तिथंच बसून चिमूटभर राख घेऊन तो पेला घासला, कारण पुढची मुलं खोळंबली होती आणि घासल्याशिवाय ती घेणार नव्हती. ती मुलगी हलली नाही. पेला घासून, धुऊन, परत झाकणीवर जाईपर्यंत तिथंच उभी राहून बघत होती. मग मी ओगराळं उचललं. तिनं मान हलवून नको म्हटलं आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती ओंजळीनं प्यायला लागली. पण डोळे मिटून. आणि मावशी म्हणायची नाही.

संक्रांतीनंतर सरांनी मिठाच्या सत्याग्रहाचा धडा घेतला. तो मी दरवर्षी ऐकायची. त्या वर्षी एका मुलानं विचारलं, "सर, हे फक्त आपल्याकडंच झालं का?" सर म्हणाले, "नाही. अमेरिकेतही झालं, आणि त्यांनी ते आपल्याकडं बघून केलं." मग त्यांनी पुस्तक मिटलं. तिकडं काळ्या लोकांना बसमध्ये मागं बसावं लागे, गोऱ्या माणसाला जागा हवी असली तर उठावं लागे, पाणी प्यायचे नळही निराळे, असं त्यांनी सांगितलं. एक बाई एकदा कामावरून घरी जाताना उठली नाही. मग सगळ्या काळ्या लोकांनी त्या गावात बसमध्ये चढणंच सोडलं. वर्षभर पायी गेले. कुणी दगड मारला नाही.

मुलांना ते खरं वाटेना. सर म्हणाले, करून बघू. बसकरपट्ट्या एकामागं एक टाकून बस केली. नवी मुलगी त्या बाईच्या जागी बसली. गावातला एक वात्रट मुलगा ड्रायव्हर झाला. मी खिडकीच्या गजाला नाक लावून बघत होते.

"ओ बाई, उठा की. मागं लई जागा हाय," ड्रायव्हर म्हणाला. "चला, पुढं सरका, पुढं सरका, राव."

"अरे, तू ड्रायव्हर आहेस, कंडक्टर नाही," सर म्हणाले.

"सर, आपल्याकडं ड्रायव्हर बोलत न्हाई. वराडायचं काम कंडक्टरचं."

वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "तिकडं दोन्ही कामं त्याचीच समज."

"उठ म्हणतो ना, ए."

"नाही उठणार," मुलगी म्हणाली.

"पोलिसाला बोलवीन."

"बोलव."

"पोलीस मारतोय बरं का."

"मारू दे."

ती हे अशा आवाजात म्हणाली की त्या मुलानं हवेत धरलेलं स्टिअरिंग सोडलं. सरांकडं बघून म्हणाला, "सर, आता मी काय म्हणायचं?"

मग सरांनी त्यांना सवय करायला लावली. एकानं चिडवायचं, दुसऱ्यानं बसून राहायचं. वेणी ओढली तरी हात उचलायचा नाही. "भांडायचं नाही, पळायचंही नाही," सर म्हणाले. "समोरच्याला आपण दिसलं पाहिजे, असं उभं राहायचं. तो विचार करायला लागेल."

"आन् न्हाई लागला तर?" वात्रट मुलानं विचारलं.

"तर आणखी उभं राहायचं."

पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी रांजणाशी आली. मी ओगराळं भरून उचललं. तिनं ओंजळ केली नाही. दोन्ही हात पाठीमागं धरले आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. मग बाजूला झाली. तिच्या मागची तशीच. तिच्याही मागचा तसाच. लायनीपलीकडची सातवीतली सगळी मुलं एकेक करून समोर उभी राहून गेली. ओगराळ्यातलं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

तिसऱ्या दिवशी गावातली मुलंही त्या ओळीत आली. त्यांना पेला होता. वात्रट मुलगा पेल्यापुढून गेला, माझ्यापुढं हात पाठीमागं बांधून उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्यानं काही चेष्टा केली नाही.

लहानांना त्यांनी अडवलं नाही. ती मुलगी धाकट्या बहिणीला स्वतः घेऊन यायची. बहीण ओंजळीनं पोटभर प्यायची, ही शेजारी उभी. तिचे ओठ फुटलेले मला दिसायचे. मी हळूच म्हणायची, "घे की गं." ती ऐकायची नाही असं नाही, ऐकायची. पण हात पाठीमागंच.

असे आठ दिवस गेले. ऊन वाढत होतं. कुणी मला वाकडं बोललं नाही. मला वाटायचं, एखाद्यानं शिवी तरी द्यावी, मग मला रागावता येईल. रोज पन्नासेक मुलं माझ्याकडं बघून जात होती. माझ्याकडं कुणी बघावं असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं, आणि आता बघत होती तर मला खोलीत जाऊन कडी लावावीशी वाटत होती.

हेडसरांनी सरांना आणि मला बोलावलं.

"सर, तुम्ही वर्गात काय शिकवलंत?"

"इतिहास."

"अमेरिकेचा?"

"इतिहासाला कंपाउंड नसतं, सर."

हेडसर थोडं हसल्यासारखं करून माझ्याकडं वळले. माणूस वाईट नव्हता, रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली होती. "मावशी, उन्हात एखादं मूल चक्कर येऊन पडलं तर उत्तर मला द्यायचंय. पण तुम्ही पद्धत बदलायला जाऊ नका. गावातून एक तक्रार चेअरमनकडं गेली, तर तुमची खोली मी वाचवू शकणार नाही. समजलं?"

"व्हय," मी म्हटलं.

त्या दुपारी सरांना चहा दिला. कप ठेवून मी जायला हवं होतं, पण गेले नाही. सरांनी वर बघितलं. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाला एक प्रश्न विचारला तो तेव्हा.

"सर, त्या बसच्या ड्रायव्हरचं पुढं काय झालं?"

सर म्हणाले, "त्या बाईचं पुढं काय झालं ते माहीत आहे. बसचं काय झालं तेही माहीत आहे. पण ड्रायव्हरचं..." मग म्हणाले, "मी वाचलं नाही, मावशी. तुम्ही कशाला विचारता?"

"न्हाई, असंच."

"तो नोकर होता बिचारा. नियम त्यानं केला नव्हता."

त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असणार. पण मला बरं वाटलं नाही. रात्रभर मला ते पितळी पेल्याला राख लावणारे हात दिसत राहिले. नियम म्हातारीचाही नव्हता, हेडसरांचाही नव्हता, चेअरमननी तर रांजण कधी बघितलासुद्धा नसेल. मग त्या मुलीच्या हातातून पेला काढून घेतला तो कुणी? वर्गात बस केली तेव्हा मी खिडकीबाहेर उभी होते. माझी जागा बसमध्ये होती, आणि कुठली, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

सकाळी मी रांजण घासला आणि भरला. विळीच्या पात्यानं साखळीची तार कापली. पेला सुटा करून झाकणीवर ठेवला आणि शेजारी माझ्या खोलीतले दोन पेले ठेवले. ओगराळं नेऊन खोलीत पत्र्याच्या पेटीमागं टाकलं. मधल्या सुट्टीची घंटा दिली आणि तिथं उभी राहायचं सोडून झाडू घेऊन मैदानाच्या पार टोकाला गेले. धीर म्हणावा असं त्यात काही नव्हतं. मला त्यांच्यापुढं उभं राहवत नव्हतं, एवढंच.

बाभळीच्या आडून मी बघितलं. मुलं ओळीनं आली. रांजणाशी मी नाही हे बघून थांबली. मग त्या मुलीनं पेला उचलला, बुडवला, उभ्यानं प्यायली. पुन्हा बुडवला, पुन्हा प्यायली. तिसऱ्यांदा भरून मागच्याला दिला. वात्रट मुलगा प्यायला आणि मोठ्यांदा म्हणाला, "मागं लई जागा हाय, सरका पुढं," आणि सगळी हसली. ते हसू मला मैदानाच्या टोकाला ऐकू आलं.

दुपारी हेडसर स्वतः रांजणाशी आले.

"ओगराळं कुठं आहे?"

"मोडलं."

हे मी खोटं बोलले. बसमधली बाई खोटं बोलली नव्हती. ती नाही उठणार म्हणाली होती. मला तेवढं जमलं नाही.

"मोडलं? दांडा?"

"व्हय."

"मग दुसरं आणावं लागेल." ते ऑफिसात गेले. शाळेत नवी वस्तू आली की ती सामानाच्या रजिस्टरात लिहावी लागे, आणि कशासाठी आणली तेही लिहावं लागे. मी दाराशी होते. त्यांनी रजिस्टर उघडलं, पेन उघडलं, आणि बसून राहिले. पेला होता, रांजण होता. मग ओगराळं कशासाठी, हे काय लिहिणार? इतकी वर्षं चाललेली गोष्ट एका ओळीत लिहायची त्यांची तयारी नव्हती. पेन बंद करून म्हणाले, "बघू." ते बघणं राहून गेलं.

गावातली काही मुलं महिनाभर घरून बाटल्या आणत होती. दोघांचे पालक येऊन हेडसरांशी मोठ्यानं बोलून गेले. ते दिवस मी खोलीतली भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. पण चैत्र लागला आणि बाटल्या दुपारपर्यंत पुरेनात. एकेक मूल रांजणाशी आलं. चेअरमन आले नाहीत. पोतं मी आषाढात सोडलं.

ओगराळं पेटीमागं टाकलं त्याच आठवड्यात सरांना मी कान असलेल्या कपातून चहा दिला होता. त्यांनी कप फिरवून बघितला. "हा माझा नाही, मावशी."

"असू द्या."

त्यांनी तो प्यायला आणि सवयीनं विसळून खिडकीत पालथा घातला. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. तांब्या त्यांनी शेवटपर्यंत आणला. माझ्या एका कपानं त्यांनी विश्वास का ठेवावा?

रांजणापाशी आता माझं काही काम उरलं नव्हतं. भरला की झालं. मुलं येत, पेला बुडवत, एकमेकांशी बोलत पीत, पळत. कुणाला वर बघायची गरज नव्हती. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसून असायची. लायनीपलीकडची चार माणसं आपली आहेत असं मला वाटायचं, ती माझी कधीच नव्हती. ओंजळीवर धार धरलेल्या माणसाकडं बघावंच लागतं. तेवढ्यावर मी किती वर्षं काढली. त्याबद्दल कुणाला दोष देत नाही, पण त्यानंतरचे दिवस मला फार मोठे वाटले, हे खोटं कशाला लिहू. ती मुलगी सातवी पास होऊन गेली. जाताना सगळ्या मुलांनी मला वाकून नमस्कार केला. ती त्या दिवशी आली नव्हती.

परवा मी चिखलीला नणंदेकडं जायला पिंपरीहून बस धरली. शिफ्ट सुटायची वेळ, गर्दी. कंडक्टर "पुढं सरका" करत होता. मी दांडा धरून उभी होते. खिडकीशी एक बाई बसली होती, मांडीवर डबा, कंपनीचा निळा कोट. वेण्यांच्या जागी अंबाडा होता, पण मी ओळखलं. माझ्या हातातली पिशवी बघून ती शेजारच्या बाईला म्हणाली, "ताई, जरा सरकता का?" आणि मला म्हणाली, "बसा, मावशी."

मी बसले. मावशी तर वाटेतल्या कुठल्याही बाईला म्हणतात. तिनं मला ओळखून म्हटलं की नाही, ते मला तिच्या तोंडाकडं बघून कळेना, आणि फार वेळ बघायचा धीर होईना. पेल्याचं बोलावं असं किती वेळा मनात आलं. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता बोलावं. तोंड उघडेपर्यंत तिचा स्टॉप आला. "येते हं," म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत उतरली.

माझा स्टॉप त्याच्या पुढचा. तोही गेला. मी शेवटपर्यंत बसून राहिले. बस रिकामी झाली, कंडक्टर उतरला, मग ड्रायव्हर. त्यानं टायरपाशी उकिडवं बसून बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि उरलेलं पाणी एकटाच प्यायला. माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, गाडी हितंच थांबती. कुठं जायचं होतं?"

"मागं," मी म्हटलं, आणि पिशवी उचलून चालायला लागले.